तीन तक्रारी आणि बंद पडलेला गाण्याचा वर्ग : बडोद्यातलं एक प्रकरण

११ जुलै २०२४, गुरुवार. संध्याकाळी सव्वासातला ताईंचा फोन आला. "तुम्ही जरा येऊन जाता का? माझं चॅनल दिसतच नाहीये." दांडिया बाजारातलं त्यांचं घर माझ्या घरापासून चालत दहा मिनिटांवर. पोचलो तेव्हा पेटीवर कापड टाकलेलं होतं, तंबोरा भिंतीला टेकवलेला होता आणि ताई मोबाईलवर तेच पान परत परत उघडून बघत होत्या. पानावर एकच ओळ होती : कॉपीराइटविषयी आलेल्या अनेक तक्रारींमुळे हे खातं बंद करण्यात आलं आहे.

गुरुपौर्णिमा दहा दिवसांवर आली होती.

मी वकील नाही. प्रकाशन व्यवसायात वीस वर्षं परवानग्यांचं काम केलं. कुठल्या कवितेसाठी कोणाच्या वारसांना पत्र पाठवायचं, कुठल्या चित्राचे हक्क कोणाकडे आहेत, मानधन किती, हे बघणं हीच माझी नोकरी होती. लेखकाचा हक्क ही माझ्या पोटापाण्याची आणि श्रद्धेची गोष्ट राहिली आहे. दिवाळी अंक बाजारात आल्यावर चार दिवसांत त्याची पीडीएफ व्हॉट्सॲपवर फिरायला लागते, तेव्हा कोणाच्या ताटातला घास जातो हे मी जवळून बघितलंय. म्हणूनच हे प्रकरण मला सविस्तर लिहावंसं वाटलं. ताईंची परवानगी आहे. नाव त्यांनीच गाळायला सांगितलं. तक्रार करणाऱ्या कंपन्यांची आणि त्या व्हिडिओ मंचाची नावं मी माझ्याकडून गाळतो आहे. सगळ्याच मोठ्या मंचांचे नियम एकाच मुशीतून निघालेले असल्यामुळे नाव कळून वाचकाला वेगळं काही मिळणार नाही.

ताईंचा वर्ग

ताई सूरसागरजवळच्या संगीत महाविद्यालयात शिकल्या. १८८६ साली मौलाबक्षांनी सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने जी गायनशाळा काढली, तिचीच पुढची ही संस्था. पंडित भातखंड्यांनी १९१६ ची पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरवली ती याच शहरात. आफताब-ए-मौसिकी उस्ताद फैयाज खाँ इथल्या दरबारचे गवई होते आणि इथेच ५ नोव्हेंबर १९५० ला गेले. बडोद्याच्या मराठी घरांत या गोष्टी पाठ करून घ्याव्या लागत नाहीत. आजोबांच्या बोलण्यातून त्या आपोआप कानावर पडतात.

ताईंनी एकतीस वर्षं घरीच शिकवण्या घेतल्या. २०२० च्या टाळेबंदीत वर्ग बंद झाले तेव्हा त्यांच्या भाच्याने मोबाईल स्टँडला लावून दिला आणि चॅनल काढून दिलं. चार वर्षांत २१२ व्हिडिओ झाले. पलटे, आरोह-अवरोह, एकेका रागाचं चलन (स्वर पुढे नेण्याची रीत), बंदिशी, ताना. काही सगळ्यांसाठी खुले, बरेचसे फक्त विद्यार्थ्यांना दुवा पाठवायचे. विद्यार्थी चौतीस, त्यातले एकोणीस चॅनल बघून आलेले : न्यू जर्सीतल्या दोन बहिणी, मेलबर्नमधले एक निवृत्त डॉक्टर, पुणे, नाशिक, आणि आणंदचा एक गुजराती मुलगा. हा मुलगा मराठी अभंग शिकायचा म्हणून अर्थ वहीत गुजरातीत लिहून घ्यायचा. फी महिन्याला दोन हजार. ठेका भरून देणाऱ्या तबलजींना दर रेकॉर्डिंगमागे आठशे. एवढंच अर्थकारण, पण त्यावर ताईंचं घर व्यवस्थित चालत होतं.

कॉपीराइट त्यांना अगदीच नवा नव्हता. अधूनमधून आपोआप दावे यायचे : तुमच्या व्हिडिओत अमुक कंपनीचं संगीत आढळलं, यापुढची जाहिरातीची कमाई त्यांच्याकडे वळवली आहे. ताई बघून सोडून द्यायच्या. "दोन-तीनशे रुपयांसाठी कोण भांडत बसणार," असं त्या म्हणायच्या. त्या सोडून देण्यानेच पुढच्याला रान मोकळं मिळालं असं मला आज वाटतं. तेव्हा मीही त्यांना सोडूनच द्या म्हणालो होतो.

त्या तीन तक्रारी

पहिली औपचारिक तक्रार ४ जुलैला आली, दुसरी आणि तिसरी ११ जुलैला, अवघ्या काही मिनिटांच्या अंतराने. ठरावीक मुदतीत तीन तक्रारी झाल्या की खातं जातं असा नियम. तक्रार खरी की खोटी याची शहानिशा त्या पायरीवर होत नाही.

पहिली तक्रार होती जोग रागातल्या एका बंदिशीवर. गाणाऱ्या स्वतः ताई, तबल्यावर त्यांचे नेहमीचे साथीदार. बंदिशीत 'प्रेमपिया' ही मुद्रा (रचनाकाराचं टोपणनाव) येते, म्हणजे रचना फैयाज खाँसाहेबांची. शुद्ध गंधारावरून मध्यमाला जाऊन परत येताना कोमल गंधार घेऊन षड्जावर कसं उतरायचं, हे ताई त्यात सहा वेळा थांबून थांबून दाखवतात. शेवटच्या वेळी त्या हसतात आणि म्हणतात, "इथे घाई केलीत तर जोग हातातून गेला." त्यांचे विद्यार्थी हा व्हिडिओ सर्वांत जास्त वेळा बघायचे. तक्रार करणाऱ्या संगीत कंपनीकडे याच बंदिशीची, दुसऱ्या एका गायकाने गायलेली ध्वनिफीत आहे. ताईंनी ती वापरलेली नाही, तिचा एक सेकंदही व्हिडिओत नाही.

दुसरी तक्रार एका जुन्या तबकडीवर. ताईंच्या वडिलांकडे ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांचा संग्रह होता. त्यातली १९३० च्या दशकातली खाँसाहेबांची एक तबकडी ताईंनी लावली, तीन मिनिटं ऐकवली आणि नंतर वीस मिनिटं तिच्यावर बोलल्या. सुईची खरखर सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकू येते. कंपनीचं म्हणणं, हे त्यांच्या सीडीवरून उचललंय.

तिसरी तर पलट्यांच्या धड्यावर. सकाळच्या रियाझाचा, पंधरा मिनिटांचा, अगदी नवख्यांसाठी. त्यात गाण्याचा म्हणून काही भागच नाही, नुसते सा रे ग म. तक्रारीत नाव होतं ध्यानधारणेच्या कुठल्याशा अल्बमचं. दोन रात्री मी आणि ताईंचा भाचा ते दोन्ही ऐकत बसलो. शेवटी भाच्याच्या लक्षात आलं : मागे चालू असलेला तानपुरा एकच आहे. ताई मोबाईलवरच्या ज्या ॲपचा तानपुरा लावतात, त्याच ॲपचा तानपुरा त्या अल्बमवाल्याने खाली ठेवून वर बासरी वाजवली होती आणि सगळं मिळून स्वतःच्या नावावर नोंदवलं होतं. यंत्र आवाजाचा ठसा जुळवतं. ठसा जुळला. हा आवाज मुळात कोणाचा, हे यंत्राला विचारता येत नाही.

तिन्ही तक्रारींत वर्णनाचा मजकूर शब्दशः एकसारखा होता. एकीत रागाचं नावही चुकीचं लिहिलेलं होतं. कोणीतरी माणसाने हे तीन व्हिडिओ बसून ऐकले असतील यावर माझा विश्वास बसत नाही.

प्रतिदावा

अशा वेळी मंच एक रस्ता देतो, प्रतिदावा भरायचा. मी अर्ज उघडला आणि वाचून थांबलो.

या अर्जाचं मूळ अमेरिकेच्या १९९८ च्या डिजिटल मिलेनियम कॉपीराइट कायद्यात आहे. त्या कायद्याने मंचांना संरक्षण दिलं : तक्रार आल्यावर मजकूर लगेच काढलात, तर वापरकर्त्याच्या चुकीसाठी तुम्हाला जबाबदार धरणार नाही. त्यामुळे मंचाच्या हिशोबात काढून टाकणं फुकट पडतं आणि ठेवणं धोक्याचं. ज्याचा मजकूर गेला त्याने प्रतिदावा करायचा. त्यात स्वतःचं पूर्ण नाव, पत्ता, फोन लिहायचा, आणि हे सगळं तक्रारदाराकडे जातं. खोटं निघालं तर शपथभंगाची शिक्षा मान्य आहे असं लिहायचं. अमेरिकेबाहेर राहणाऱ्याने अमेरिकेतल्या संघीय न्यायालयाचं अधिकारक्षेत्र मान्य करायचं. त्यानंतर तक्रारदाराला दावा दाखल करायला साधारण दहा ते चौदा कामाचे दिवस.

मी हे मराठीत वाचून दाखवलं तेव्हा ताईंनी विचारलं, "म्हणजे मला अमेरिकेत कोर्टात उभं करतील?" मी म्हणालो, बहुधा नाही. "बहुधा?" मग त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. त्यांचे यजमान निवृत्त शिक्षक. ते आतून म्हणाले, "जाऊ दे गं, नवीन चॅनल काढ."

प्रतिदावा भरायला आम्हाला २५ जुलै उजाडला. चौदा दिवस निव्वळ भीतीत गेले. गुरुपौर्णिमा त्या चौदा दिवसांत होऊन गेली. सत्य ताईंच्या बाजूला होतं, कागद होते, तबकडी हातात होती, तरी त्या घाबरल्या. यात त्यांच्या स्वभावाचा दोष नाही. अर्जाची भाषाच माणसाला माघारी फिरवते. तक्रार करताना कंपनीनेही काही प्रतिज्ञा केलेल्या असतात. पण चुकीच्या तक्रारीसाठी भरपाई मागायची तर तिने जाणूनबुजून खोटं सांगितलं हे सिद्ध करावं लागतं. 'यंत्राने जुळवलं, आम्हाला तसंच वाटलं' एवढं म्हटलं की ती सुटते.

इथे माझी एक चूक झाली, ती नोंदवतो. जोगच्या व्हिडिओच्या प्रतिदाव्यात मी लिहिलं, "ही बंदिश पारंपरिक आहे." हे चूक होतं. बंदिशीचा कर्ता माहीत आहे, मुद्रेसकट. बरोबर उत्तर असं होतं : भारतीय कॉपीराइट अधिनियम १९५७ च्या कलम २२ प्रमाणे रचनेचा हक्क कर्त्याच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं. खाँसाहेब १९५० मध्ये गेले, म्हणजे २०१० सालाबरोबर मुदत संपली आणि १ जानेवारी २०११ पासून ती रचना सगळ्यांची झाली. कंपनीचा हक्क तिच्या स्वतःच्या ध्वनिमुद्रणापुरता, आणि ताईंचा गळा म्हणजे कंपनीचं ध्वनिमुद्रण नव्हे. वीस वर्षं हेच काम करून मला हे पहिल्या फटक्यात सुचलं नाही, तर घरी बसून गाणं शिकवणाऱ्या बाईला कसं सुचावं?

तबकडीचं उत्तर मात्र चोख गेलं. कलम २७ प्रमाणे ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षं. १९३० च्या दशकातली तबकडी कधीच मोकळी झालेली. सोबत तबकडीच्या लेबलाचा फोटो जोडला. तानपुऱ्याच्या व्हिडिओसाठी ॲपच्या परवान्याचं पान जोडलं.

त्या दोन तक्रारींवर तक्रारदार काही बोललेच नाहीत. १२ ऑगस्टला, सोमवारी, दोन्ही व्हिडिओ परतले आणि तक्रारींची संख्या तीनवरून एकवर आल्यामुळे चॅनल उघडलं. जोगचा प्रतिदावा मंचाने 'माहिती अपुरी' म्हणून परत पाठवला. तो एक ठपका राहिला आणि ठपका असेपर्यंत थेट प्रक्षेपण बंद.

गेलेलं काय काय

चॅनल बत्तीस दिवस बंद होतं. आठ विद्यार्थी गेले. रागावून नाही. रियाझाचे व्हिडिओ मिळेनासे झाले, दोन आठवडे वाट बघितली, मग कोणी दुसरीकडे लागलं. मेलबर्नच्या डॉक्टरांनी मात्र तीन महिन्यांची फी आगाऊ पाठवून दिली, हे लिहिलंच पाहिजे. गुरुपौर्णिमेला दरवर्षी सात-आठ नवे यायचे, त्या वर्षी एक आला. तबलजींची जुलै-ऑगस्टची सगळी रेकॉर्डिंग रद्द झाली. त्यांना हे काम सोडल्यास लग्नसराईखेरीज फारसं काही नसतं. फी, जाहिरातीची किरकोळ कमाई आणि वकिलांचे बारा हजार धरून ताईंचा हिशोब पासष्ट हजारांच्या आसपास गेला. कोणत्याही मोठ्या कंपनीच्या ताळेबंदात हा आकडा दिसणार नाही. ताईंच्या घरी त्या पावसाळ्यात गच्चीची गळती काढायची राहिली.

सगळ्यात वाईट ७ सप्टेंबरनंतरचं. गणेशोत्सवात ताईंच्या विद्यार्थ्यांचा कार्यक्रम गेली तीन वर्षं थेट दाखवला जायचा, परदेशातली मुलं तिकडून एकेक पद गायची. त्या वर्षी ठपका होता म्हणून थेट प्रक्षेपण झालं नाही. न्यू जर्सीच्या धाकटीने अथर्वशीर्ष पाठ केलेलं होतं. तिने ते फोनवरून म्हटलं, इकडे आम्ही पाचजण स्पीकर लावून ऐकत बसलो.

हे कायद्यात कुठून आलं

२६ ऑक्टोबर २०११ ला अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात लामार स्मिथ यांनी 'स्टॉप ऑनलाइन पायरसी' नावाचं विधेयक मांडलं, सोपा या आद्याक्षरांनी ते ओळखलं गेलं. सिनेटमध्ये पॅट्रिक लेही यांचं जुळं विधेयक आधीपासून होतंच. हेतू म्हणून सांगितलं गेलं ते चोरट्या परदेशी संकेतस्थळांना आळा घालणं. त्यात तरतुदी अशा होत्या : न्यायालयाच्या आदेशावरून इंटरनेट पुरवणाऱ्यांनी त्या संकेतस्थळाचा पत्ताच उलगडू द्यायचा नाही, म्हणजे नाव टाकलं तरी ते उघडणार नाही, शोधयंत्रांनी दुवे काढायचे. शिवाय मूळ मसुद्यात, हक्कदाराने नुसती नोटीस दिली की पैसे पोचवणाऱ्या आणि जाहिराती देणाऱ्या कंपन्यांनी पाच दिवसांत त्या संकेतस्थळाशी व्यवहार तोडायचा. न्यायाधीशापुढे न जाता. आणि जो स्वतःहून तोडेल त्याला कायद्याचं कवच.

डिसेंबर २०११ मध्ये ८३ इंटरनेट अभियंत्यांनी अमेरिकी संसदेला खुलं पत्र लिहिलं. पत्ता-उलगडणीत असा हस्तक्षेप केला तर इंटरनेटची सुरक्षितताच खिळखिळी होईल आणि सेन्सॉरशिपचं हत्यार तयार होईल, असा त्याचा रोख होता. १८ जानेवारी २०१२ ला इंग्रजी विकिपीडिया चोवीस तास काळा राहिला. गूगलच्या निषेधपत्रावर सत्तर लाखांहून अधिक सह्या झाल्या. २० जानेवारीला दोन्ही विधेयकं बाजूला ठेवली गेली.

ताईंच्या प्रकरणात हे जुनं उकरून काढायचं कारण असं. १९९८ च्या कायद्यात एकेक व्हिडिओ काढायची सोय होती आणि तेवढ्यानेच दांडिया बाजारातला एक वर्ग महिनाभर बंद पडला. सोपामध्ये अख्ख्या संकेतस्थळाचा पैशाचा नळ एका नोटिशीवर बंद करायची सोय होती. तक्रारदाराचं म्हणणं हाच निकाल मानायचा, हे दोन्हीकडे सारखंच. फरक फक्त घावाच्या आकाराचा.

२०१९ मध्ये युरोपीय संघाच्या कॉपीराइट निर्देशातल्या कलम १७ ने जवळपास तोच प्रश्न वेगळ्या दाराने आत आणला : हक्कदारांनी माहिती दिलेल्या कृती मंचावर उपलब्धच होऊ नयेत यासाठी मंचांनी शक्य ते सगळं करायचं. एवढ्या प्रचंड प्रमाणावर हे यंत्राशिवाय होत नाही. पोलंड न्यायालयात गेला. एप्रिल २०२२ मध्ये युरोपीय न्यायालयाने कलम कायम ठेवलं, पण कायदेशीर आणि बेकायदेशीर मजकुरात नीट फरक करू न शकणारी गाळणी चालणार नाही असंही बजावलं. ताईंच्या तानपुऱ्यापुढे बसवून बघावी अशी ही कसोटी आहे.

यंत्र किती चुकतं याचा एक पडताळा यूट्यूबने स्वतःच दिलाय. २०२१ च्या पहिल्या सहा महिन्यांत त्यांच्या यंत्रणेतून बहात्तर कोटींहून अधिक दावे झाले. आव्हान दिलं गेलं एक टक्क्याहूनही कमी दाव्यांना, पण त्यातले साठ टक्के निकाल व्हिडिओ टाकणाऱ्याच्या बाजूने लागले. म्हणजे सुमारे बावीस लाख दावे. एक टक्काही आव्हान आलं नाही, म्हणजे यंत्र अचूक आहे, असा युक्तिवाद होतो. मी मात्र त्या उरलेल्यांत "दोन-तीनशे रुपयांसाठी कोण भांडत बसणार" म्हणणाऱ्या ताईही मोजतो.

आपल्याकडचं कलम

आपल्या कायद्यात याहून बरी सोय आहे आणि ती फार कमी लोकांना माहीत आहे. २०१२ च्या दुरुस्तीने कलम ५२(१)(सी) मध्ये असं आलं की तक्रारीवरून मजकूर एकवीस दिवसांपुरता थांबवायचा. तेवढ्यात न्यायालयाचा आदेश आला नाही तर तो पुन्हा दाखवायला मोकळीक. २०१३ च्या नियमांतल्या नियम ७५ प्रमाणे तक्रारदाराने एकवीस दिवसांत दावा दाखल करून आदेश आणण्याची लेखी हमी द्यायची आणि मजकूर कलम ५२ च्या अपवादांत का बसत नाही हेही सांगायचं. म्हणजे पळापळ तक्रारदाराची. मजकूर टाकणाऱ्याला परदेशी न्यायालयापुढे हात जोडावे लागत नाहीत. दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने डिसेंबर २०१६ मध्ये मायस्पेस या समाजमाध्यमाच्या खटल्यात हेही सांगितलं की मंचाला विशिष्ट मजकुराची विशिष्ट माहिती मिळाली तरच जबाबदारी येते. सगळं आधीच चाळून ठेवायची सक्ती मंचावर नाही.

पण मोठे मंच जगभर अमेरिकी अर्जच चालवतात. आपलं कलम कागदावर राहतं.

न्यायालयाकडून आदेश आणला म्हणून सगळं सुरळीत होतं असंही नाही. ज्याचं नावच माहीत नाही अशा प्रतिवादीविरुद्ध सिनेमावाले आगाऊ मनाई घेतात, वकिली भाषेत 'अशोक कुमार' आदेश. मे २०१२ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या अशा आदेशाच्या आधारे इंटरनेट पुरवठादारांनी व्हिमिओसारखी सरळमार्गी संकेतस्थळंही बंद केली. महिनाभराने न्यायालयाला स्पष्ट करावं लागलं की बंदी विशिष्ट दुव्यांपुरती आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये दोन हिंदी चित्रपटांसाठीच्या आदेशात इंटरनेट आर्काइव्ह सापडलं, म्हणजे जुनी पुस्तकं आणि जुन्या तबकड्या जपणारं एक मोठं कोठार. मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी २०१६ मध्ये अशाच एका अर्जावर, दुव्यांची पडताळणी झाल्याशिवाय सरसकट बंदी द्यायला नकार दिला होता. मी त्या वर्षी ते वाचून कापून ठेवलं होतं.

जोगच्या व्हिडिओसाठी आम्ही आपल्याच कायद्याकडे वळलो. कलम ६० म्हणतं, हक्कभंगाची निराधार धमकी कोणी दिली, तर धमकी मिळालेला माणूस ती निराधार असल्याची न्यायालयाची घोषणा, मनाई आणि नुकसानभरपाई मागू शकतो, अर्थात धमकी देणाऱ्याने वेळेवर रीतसर दावा लावला नसेल तर. रावपुऱ्यातल्या एका वकीलबाईंनी नोटीस लिहिली. मृत्यूचा दिनांक, कलम २२, कंपनीच्या हक्काची मर्यादा, आणि दोन्ही गाण्यांच्या लयीतला फरकसुद्धा, मात्रा मोजून. नोटीस तयार झाली आणि ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात विश्वामित्रीला पूर आला. अर्ध्या शहरात पाणी, कुरिअर बंद. ती गेली ४ सप्टेंबरला, कंपनीच्या मुंबईच्या पत्त्यावर.

१९ सप्टेंबरला, अनंत चतुर्दशी होऊन दोन दिवसांनी, एका ओळीचं ईमेल आलं. तक्रार मागे घेतली आहे. दिलगिरी नव्हती, कारणही नव्हतं. वकीलबाई म्हणाल्या, भरपाईचा दावा लावू या, कलमात जागा आहे. ताईंनी हात जोडले. "मला शिकवायचंय हो. तारखा नकोत." मी आग्रह केला नाही. करायला हवा होता का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

दरवेळी चोरी रोखण्याच्या नावाने जे नवे मसुदे येतात, 'मंचांनी आधीच गाळावं', 'तासाभरात काढावं', 'संकेतस्थळच बंद करावं', त्यांना मी विरोध करतो तो हे प्रकरण समोर ठेवून. मला हवं ते थोडकं आहे. तक्रारीखाली हाडामांसाच्या माणसाची सही हवी आणि त्याने ऐकल्याची नोंद हवी. एकवीस दिवसांचं कलम परदेशी मंचांनाही इथल्या वापरकर्त्यांसाठी बंधनकारक हवं. तक्रार टिकली नाही तर बुडालेल्या दिवसांचे पैसे तक्रारदाराने द्यावेत, न्यायालयात न खेचता. आणि तीन व्हिडिओंवरच्या वादासाठी दोनशे नऊ निर्विवाद व्हिडिओ कोणीही बंद करू नयेत. दिवाळी अंकाची पीडीएफ फिरवणाऱ्याला यातल्या कशानेही अभय मिळत नाही. तसली चोरी एकवीस दिवसांत न्यायालयापुढे सहज सिद्ध होते.

ताईंचं चॅनल चालू आहे. प्रत्येक व्हिडिओच्या सुरुवातीला त्या आता अर्धा मिनिट सांगतात : बंदिश कोणाची, ते कधी गेले, तानपुरा कुठला. मोबाईल स्टँडच्या शेजारी एक वही असते. तिच्यात ज्या बंदिशींची माहिती नक्की झाली नाही त्यांची यादी आहे, सतरा नावं. त्या बंदिशी ताई समोर बसलेल्याला शिकवतात, चॅनलवर टाकत नाहीत. परवा गेलो तेव्हा आणंदचा मुलगा आला होता, बसने, दीड तास प्रवास करून. यादीतली अकरावी बंदिश शिकायला.